गोगलगायींना कोण पोसतं

पहिली गोगलगाय दिसली तेव्हा ताईला तिचं कौतुकच वाटलं होतं. टाकीच्या काचेवरून जिऱ्याच्या दाण्याएवढं काहीतरी सरकत होतं आणि बाबा भिंग घेऊन ते बघत बसले होते. दुकानातून आणलेल्या नव्या झाडाच्या पानाला चिकटून आली असणार, असं त्यांचं म्हणणं. राहू दे बिचारी, शेवाळ खाईल, आपलं काय जातंय, म्हणाले.

ताई ही घरातली थोरली. धाकटा भाऊ ताई म्हणायचा, म्हणून शेजारीपाजारी, ती काम करायची त्या चष्म्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं, सगळीच तिला ताई म्हणायला लागली. लग्न मोडल्यावर ती बाबांकडे परत आली ती कायमचीच. आई आधीच गेलेली, भाऊ दूर नोकरीला. घरात दोघंच, आणि स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी.

बाबांचा सगळा जन्म पाणीपुरवठ्याच्या खात्यात गेला. पाण्यात काय, किती आणि केव्हा घालायचं हे त्यांच्या बोटांना पाठ. हाताखालची माणसं त्यांना पाठीमागे ‘थेंबसाहेब’ म्हणायची. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या खोलीत काचेची मोठी टाकी मांडली. तळाला माती, तिच्यावर बारीक वाळू, पुढे गवतासारखी बुटकी झाडं, मागे लांब पानांची, मधे एक वाळकं मूळ आडवं टाकलेलं. मासेही सगळ्या तऱ्हेचे, पण एकमेकांशी जुळवून घेणारे. वरच्या पाण्यात गप्पी, मधे निळ्या रेघेचे निऑन, तळाशी मिशाळ कोरी आणि काचेसारखे आरपार दिसणारे चिमुकले झिंगे. वीजबिल वाचायला आलेला माणूससुद्धा त्या खोलीच्या दारात थबकायचा.

त्या टाकीला गोगलगायींनी ग्रासलं.

आधी काचेवर ठिपके आले. मग पानांच्या खालच्या बाजूला चिकट, पारदर्शक गोळे दिसू लागले आणि प्रत्येक गोळ्यात पुन्हा ठिपके. मग पानांना भोकं पडली, फिल्टरचं तोंड बुजलं, वाळू हलताना दिसू लागली. जवळ जाऊन बघितलं तर हलत होती ती वाळू नव्हतीच.

ताईचं दुकानातलं काम डोळ्यांचं. दिवसभर भिंगं घासायची, फ्रेममध्ये बसवायची. संध्याकाळी घरी आली की डोळे चुरचुरत असायचे, तरी बाह्या सरसावून ती कोपरापर्यंत हात टाकीत घालायची आणि एकेक गोगलगाय वेचायची. कोणीतरी सांगितलं म्हणून रात्रीपुरती काकडीची चकती टाकून ठेवू लागली. सकाळी चकती काढावी तर हिरवं काही दिसतच नसे, सगळी शंखांनी मढलेली. पहिल्यांदा त्या मारायला तिचा हात धजावला नाही. नंतर नंतर ती बादलीत चुरडायची तेव्हा होणारा बारीक आवाजही तिला ऐकू येईनासा झाला. एवढं करून दुसऱ्या दिवशी काच पुन्हा तशीच.

बाबा खुर्चीत बसून हे बघायचे. मधेच म्हणायचे, "दमतेस कशाला एवढी? होईल कमी." पूर्वी टाकीतलं एक पान पिवळं पडलं तरी अस्वस्थ होणारा माणूस असा थंड कसा, हे तिच्या मनात यायचं. वय झालं, असं म्हणून ती पुढच्या कामाला लागायची.

माशांच्या दुकानदाराने तिला आधी पट्टेरी गोगलगायी दिल्या. या बाकीच्यांना खातात, म्हणाला. त्या गर्दीत कुठे हरवल्या ते कळलंच नाही. ती पुन्हा तक्रार घेऊन गेली तेव्हा तो म्हणाला, "ताई, या आभाळातून पडत नाहीत. जेवढं खायला मिळतं तेवढ्या होतात. घरात कोणीतरी जास्तीचं खाणं घालतंय."

तिने त्या दिवशी बाबांना विचारलं. जरा बिचकतच विचारलं. अख्ख्या शहराच्या पाण्यात औषध मोजून घालणाऱ्या माणसाला तुम्ही माशांना खाणं जास्त घालता का, असं विचारायचं म्हणजे काय. बाबांचा चेहरा पडला. सकाळी एकदा, दोन बोटांत मावेल एवढी चिमूट, मासे दोन मिनिटांत संपवतील एवढीच, असं त्यांनी सांगितलं आणि बोटं जुळवून चिमूटही दाखवली. ताईला स्वतःचीच लाज वाटली.

म्हणजे उरल्या मावशी. त्या सकाळी ताई निघाल्यावर यायच्या, स्वयंपाक करायच्या, बाबांचं जेवण उरकून दुपारी जायच्या. दुसऱ्या दिवशी ताई मुद्दाम थांबली. मावशी कणीक मळत होत्या. माशांना तुम्ही खायला घालता का, असं तिने विचारलं. मावशींचे हात थांबले. त्यांनी बाबांच्या खोलीच्या दाराकडे बघितलं, मग मान खाली घातली आणि नाही म्हणाल्या. ती खाली घातलेली मान ताईला कबुलीसारखी वाटली. मग तिच्या तोंडाला धरबंध राहिला नाही. वेचून वेचून माझी बोटं सोलली, रात्रीची झोप गेली, आणि तुम्ही गंमत म्हणून मुठी भरभरून टाकताय, असं बरंच काही ती बोलली. घरातल्या माणसांचं ऐकायचं नसेल तर दुसरं घर बघा, असंही बोलून गेली.

मावशींनी हात धुतले, पदराला पुसले, घराची किल्ली ओट्यावर ठेवली आणि निघून गेल्या. मळलेली कणीक परातीत तशीच राहिली. बाबांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. त्यांना सगळं ऐकू गेलं असणार, पण ते बाहेर आले नाहीत.

मावशी गेल्यावर तरी उतार पडेल असं ताईला वाटलं होतं. झालं भलतंच. आठवड्याभरात टाकीची रया गेली. पुढची बुटकी झाडं शंखांखाली दिसेनाशी झाली. पाण्याला कुबट वास येऊ लागला. निऑनांच्या निळ्या रेघा फिक्या पडल्या. सकाळी बाबांचं जेवण झाकून ठेवून ती पळत दुकान गाठायची, दुपारी फोन करून जेवलात का विचारायची, संध्याकाळी येऊन पुन्हा टाकीत हात घालायची. एकदा तिने एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात डावं भिंग उजवीकडे बसवून दिलं. दुकानाच्या मालकीणबाईंनी तिला आत बोलावून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, घरी काय चाललंय एवढंच त्यांनी विचारलं. गोगलगायी झाल्यात, असं सांगताना ताईला हुंदका आला आणि मालकीणबाई तिच्या तोंडाकडे बघतच राहिल्या.

त्याच संध्याकाळी ती माशांच्या दुकानदाराकडून औषध घेऊन आली. गोगलगायी मारायचं जालीम औषध. झिंगे असतील तर जपून, असं तो म्हणाला होता. ते तिने ऐकलं, आणि ऐकलं नाही. बाटलीतलं निळं पाणी टाकीत ओतताना बाबांनी विचारलं तेव्हा झाडांचं खत आहे, असं ती खोटं बोलली. सकाळी काचेवर गोगलगायी होत्याच. ताईचा सुट्टीचा दिवस होता. तिने बाटली उचलली आणि उरलेलं सगळं औषध पाण्यात उपडं केलं.

दुपारी जेवून बाबा पडले होते. ताई कपडे वाळत घालून खोलीत आली आणि टाकीकडे धावली. पाणी ताकासारखं पांढुरकं झालं होतं. गोगलगायी काचेवरून गळून तळाशी पडल्या होत्या, त्यांचा खच पडला होता आणि सडका वास सुटला होता. झिंगे लाल पडून वाळूवर आडवे झाले होते. उरलेले मासे पाण्याच्या वरच्या थराला तोंडं लावून हवा घेत होते. एक कोरी उलटी होऊन मुळाला अडकली होती. ताईने जाळी घेतली, पण काय आधी काढावं तेच तिला सुचेना. ती नुसतीच जाळी धरून उभी राहिली आणि बाबांना हाका मारत राहिली.

बाबा उठून आले. त्यांनी टाकी बघितली, कोपऱ्यातली निळी बाटली बघितली, आणि एका शब्दाने तिला बोलले नाहीत. शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

"न्हाणीघरातल्या पिंपातलं पाणी आण. नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं. दोन बादल्या भर. हवेचा पंप काढून एका बादलीत लाव."

ती धावली. पुढचा बराच वेळ ती फक्त त्यांचं ऐकत होती. मासे एकदम नव्या पाण्यात टाकायचे नाहीत, म्हणून त्यांनी आधी ते एका पातेल्यात काढायला लावले आणि पेल्या पेल्याने बादलीतलं पाणी त्यात मिसळायला सांगितलं. घाई करू नको, त्यांना पाण्याची ओळख पटू दे, म्हणाले. तोवर ते स्वतः नळी लावून टाकीचं पाणी उपसत होते. मेलेल्या गोगलगायी चहाच्या गाळणीने काढून पिशवीत भरत होते. फिल्टरमधला काळा स्पंज एरवी टाकीच्याच पाण्यात पिळतात, आज नको, पिंपाच्या पाण्यात पिळ, हे सांगत होते. हात कुठे चाचपडला नाही, शब्द कुठे अडला नाही. पाण्याचा मोठा नळ फुटल्यावर ज्याला घरून बोलावून न्यायचे तो माणूस तिच्यासमोर उभा होता. ताईला कितीतरी दिवसांत एवढा धीर वाटला नव्हता.

बरेच मासे गेले. तरी काही निऑन, थोड्या गप्प्या आणि एक कोरी वाचली. वाचलेले मासे बादलीत फिरू लागले तेव्हा बाबांनी कंबर सरळ केली आणि हसले. ताई जमिनीवरचं पाणी पुसायला बसली.

बाबांनी कपाटावरचा खाण्याचा डबा काढला. चिमूटभर खाणं बादलीत टाकलं. "घ्या बाळांनो, सकाळपासून उपाशी आहात," म्हणाले, आणि खुर्चीत जाऊन बसले. आता लगेच खाणं कशाला, असं ताईच्या मनात आलं, पण आज त्यांना काही सांगायची तिची छाती नव्हती. ती फडकं पिळत राहिली.

थोड्या वेळाने बाबा उठले. डबा काढला, झाकण उघडलं, चिमूट टाकली. "घ्या बाळांनो, सकाळपासून उपाशी आहात." तोच स्वर, तीच मान हलवणं. पुन्हा जाऊन बसले.

ताईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. आपण बघतोय ते खरं नसावं म्हणून ती वाट बघत राहिली. बाबा खिडकीबाहेर बघत बसले, मग त्यांची नजर बादलीकडे वळली, आणि चेहऱ्यावर काळजी उमटली. ते तिसऱ्यांदा उठले.

"बाबा," ती म्हणाली, "आत्ताच दिलंत तुम्ही."

त्यांचा हात डब्याच्या झाकणावर थांबला. त्यांनी तिच्याकडे बघितलं, बादलीत वाकून बघितलं. पाण्यावर खाण्याचे पापुद्रे जसेच्या तसे तरंगत होते.

"किती वेळा?"

"दोनदा."

बाबा पलंगाच्या कडेवर बसले. डबा मांडीवर धरून बसले. ताई जवळ जाऊन खाली जमिनीवर बसली. 

"मला कळतं गं," ते शेवटी म्हणाले. "अगदीच कळत नाही असं नाही. डबा हातात घेतला की आठवायला बघतो, दिलं की नाही दिलं. काही आठवत नाही. भिंतीवर डोकं आपटल्यासारखं होतं. मग वाटतं, नसलंच दिलं तर? त्यांना बोलता येत नाही. उपाशी राहण्यापेक्षा दोनदा खाल्लेलं बरं."

ताईने विचारलं, मावशींना माहीत होतं का. ते मान वर करेनात.

"ती सांगायची मला, दादा, झालंय देऊन. डबा काढून घ्यायची. मीच शपथ घातली होती तिला. मुलीला सांगू नको म्हटलं. तू बोलत होतीस तिला तेव्हा मी इथे दाराशीच उभा होतो."

ताईने त्यांच्या मांडीवरचा डबा काढून घेतला. त्यांनी तो लगेच सोडला नाही. किंचित ओढावा लागला, आणि ती ओढाताण तिच्या बोटांना नंतर कितीतरी दिवस जाणवत राहिली.

मावशींच्या घरी जायला तिला दुसऱ्या दिवशी तोंड नव्हतं, तरी गेली. मावशींनी तिला दारातच उभं केलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. ताईने माफी मागितली, कशी मागावी ते न कळता तुटक तुटक मागितली. मावशी म्हणाल्या, तुमच्या बोलण्याचं वाईट वाटलं, पण त्याहून दादांचं वाटलं, मी निघाले तेव्हा ते दारामागे रडत होते. सकाळचं काम त्यांनी दुसरीकडे धरलं होतं. ते सोडता येणार नव्हतं. दुपारी तासभर येऊन जेवायला वाढीन, एवढं त्यांनी कबूल केलं. पुन्हा कामावर आल्या त्या दिवशी कपाटामागून त्यांनी माशांच्या खाण्याचे रिकामे डबे ओढून काढले आणि काही न बोलता कचऱ्यात टाकले. बाबा कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतःच आणायचे ते.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, डोक्याचे फोटो काढले आणि ताईला वेगळं बसवून सांगितलं. गोळ्यांनी वेग कमी होईल, परत फिरणार नाही. तिने भावाला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "ताई, ती टाकीच काढून टाक ना. निम्मा ताप कमी होईल." बघते, म्हणाली आणि फोन ठेवला.

टाकी तिने काढली नाही. बाबांना शेजारी बसवून, त्यांच्याकडून शिकत शिकत तिने ती धुतली, झाडं नव्याने लावली. काही पानांखाली गोगलगायी जिवंत होत्याच. त्या जालीम औषधालाही पुरून उरल्या होत्या. तिने त्या राहू दिल्या. खाण्याचा डबा ती सकाळी स्वतः उघडायची, बाबांच्या बोटांत चिमूट द्यायची, ते टाकायचे, आणि डबा पर्समध्ये घालून ती दुकानात घेऊन जायची. बाबांना नवा डबा देऊ नका, असं कोपऱ्यावरच्या दुकानातही तिने सांगून ठेवलं होतं. खाणं तुटलं तशा गोगलगायी आपोआप कमी होत गेल्या. दोन-तीन महिन्यांत काच निवळली, पुढचं गवत पसरलं, लांब पानं पाण्याच्या वर डोकावू लागली. टाकी पूर्वी कधी नव्हती एवढी देखणी झाली. शेजारचे लोक बघायला यायचे आणि बाबांना शाबासकी द्यायचे. बाबाही हसून ती घ्यायचे.

फक्त दुकानातला फोन वाजायचा. सकाळी वाजायचा, दुपारी वाजायचा, चहाच्या वेळेला वाजायचा.

"अगं, माशांना दिलं का?"

"दिलं, बाबा. सकाळी दिलं तुम्हीच."

"मी दिलं? बरं झालं."

आणि थोड्या वेळाने पुन्हा. आधी ती समजावून सांगायची. मग नुसतं दिलं म्हणू लागली. मालकीणबाई काही बोलायच्या नाहीत, पण फोन वाजला की हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघायच्या. घरी मोलाने माणूस ठेव, असं त्यांनी एकदा सुचवलं. ठेवलेला माणूस बाबांनी चोर समजून हाकलून दिला. रोज संध्याकाळी जिना चढताना ताई वरच्या मजल्यावरचा कानोसा घेत चढायची, आणि दारात बाबांचा आवाज ऐकू आला की मगच तिचा जीव भांड्यात पडायचा. हे असं किती दिवस रेटायचं, हा विचार ती करायचीच नाही. केला तर दुसऱ्या दिवशी उठणं झालं नसतं.

एका दुपारी ती एका म्हाताऱ्या बाईंच्या चष्म्यात भिंग बसवत होती. बाई समोर स्टुलावर बसून होत्या, चष्म्यावाचून त्यांना काही दिसत नव्हतं आणि त्या अंदाजाने ताईकडे बघून हसत होत्या. फोन वाजला. ताईने तो खांद्यात धरला आणि पलीकडून आवाज यायच्या आतच म्हणाली, दिलं, बाबा.

"हो का," बाबा म्हणाले. पण फोन ठेवला नाही. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही," ते म्हणाले. "मी जेवलो का गं?"

ताईने घड्याळाकडे बघितलं. मावशींची यायची वेळ होऊन गेली होती. त्या येऊन वाढून गेल्या असतील, किंवा आज काही अडचण होऊन आल्याच नसतील. तिने मावशी आहेत का विचारलं. माहीत नाही, म्हणाले. ओट्यावर ताट आहे का बघा, म्हणाली. ते फोन धरून चालत गेले असावेत. सपातांचा आवाज आला, मग थांबला. आपण कशाला आलो होतो, असं ते स्वतःशीच काहीतरी पुटपुटले.

"बाबा, पोटात भूक आहे का?"

त्यांनी विचार केला. खरंच विचार केला असावा, कारण उत्तर यायला फार वेळ लागला.

"ते पण कळत नाही," ते म्हणाले.

ताईने अर्धवट बसवलेलं भिंग फ्रेमसकट मखमलीवर ठेवलं. स्टुलावरच्या बाईंना तिने थोडं थांबावं लागेल असं सांगितलं, आणि मालकीणबाई मान हलवेपर्यंत चपला पायात सरकवल्या.

"तिथेच बसा बाबा. खुर्चीत बसा. मी येते."